मडक्यात लपलेली देवी आणि मी छापलेला नंदी

परवा रात्री गावातल्या एका ग्रुपवर फोटो आला. पिवळसर मडकं, त्यावर गेरूसारख्या तांबड्या रंगात होडी, लांब मानेचे पक्षी आणि दोन्ही हात वर करून उभी असलेली बाई. खाली मजकूर : 'इजिप्तच्या मडक्यात पाच हजार वर्षं लपलेली देवी! झूम करा, गाय दिसेल.' सकाळपर्यंत चौघांचा फोन, "भाऊ, खरंय का?"

अशी मडकी खरी आहेत. गाईचं काय ते सांगतो, थोडं सविस्तर.

पिरॅमिड बांधले जाण्याच्याही कित्येक शतकं आधीची ही गोष्ट. नाईलच्या काठी, वरच्या इजिप्तमध्ये नकादा नावाचं ठिकाण आहे. १८९४-९५ च्या हंगामात फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज संशोधकाने तिथे दोन हजारांहून जास्त कबरी खणल्या. जवळपास प्रत्येक कबरीत मडकी. पेट्रीला आधी वाटलं, हे कुणीतरी बाहेरून आलेले लोक. ते चुकलं. ही माणसं इजिप्तचीच, फक्त फॅरोंच्या आधीची.

मग तारीख कशी लावायची? लेख नाही, राजाचं नाव नाही. पेट्रीने सुमारे नऊशे कबरी निवडल्या, प्रत्येकीची एक चिठ्ठी केली आणि त्या कबरीत कोणकोणती मडकी होती ते त्यावर लिहिलं. एका प्रकारच्या मडक्याला आधी धरायला नागमोडी कान होते. ते हळूहळू लहान होत गेले आणि शेवटी नुसती नक्षीची रेघ उरली. असे बदल बघत त्याने चिठ्ठ्या मागे-पुढे लावल्या आणि काळाचा क्रम उभा राहिला. सगळा खेळ एकाच गोष्टीवर : कुठलं मडकं कुठल्या कबरीत होतं याची नोंद.

आता चित्रं. इसवी सनापूर्वी ४००० ते ३५०० च्या सुमारास लाल घोटीव मडक्यांवर पांढऱ्या रेघांनी काढलेले पाणघोडे, मगरी, शिकारी दिसतात. मॉस्कोच्या संग्रहालयातल्या एका वाडग्यावर धनुष्य घेतलेला माणूस आहे, हातात चार कुत्र्यांच्या दोऱ्या. त्यानंतरच्या दोन-तीनशे वर्षांत फोटोतल्यासारखी मडकी आली : खूप वल्ह्यांच्या होड्या, पक्षी, बाई.

यात लपलेलं काही नाही, सगळं उघड्यावर आहे. अडचण अर्थाची आहे. त्या होड्या होड्याच नाहीत, दोन बुरुजांची तटबंदी आहे, असंही एका अभ्यासकाने त्या काळी मांडलं होतं! पक्षी शहामृग की फ्लेमिंगो, यावर मतभेद. हात वर केलेली बाई कुणाला देवी वाटते, कुणाला नाचणारी, कुणाला रडणारी. त्या वर गेलेल्या हातांत काहींना गाईची शिंगं दिसतात, फॉरवर्डमधली गाय आली ती इथून. हा एक अंदाज आहे, पुरावा नाही.

पाणघोड्याचंही तसंच. एडफूच्या देवळात होरस देव पाणघोड्याच्या रूपातल्या सेतला भाल्याने मारतो. पण ते देऊळ मडक्यांच्या तीन हजारांहून जास्त वर्षांनंतरचं. ती कथा उचलून मडक्यावर चिकटवता येत नाही. पाणघोडा उभं पीक तुडवणारा, होडी उलटवणारा प्राणी. त्याची शिकार काढायला तेवढं कारणही पुरतं.

मग पुराणकथा नाहीच का? आहे, पण जिथे दुवा सापडतो तिथे. होड्यांवर काठीला लावलेली निशाणं आहेत. त्यातलं एक पुढे मिन या देवाचं चिन्ह म्हणून ओळखलं गेलं. हिएराकोनपोलिसला १८९८-९९ मध्ये सापडलेल्या कबरीच्या भिंतीवर तशाच होड्या आहेत आणि दोन सिंहांच्या मध्ये उभा माणूसही. म्हणजे ही होडी नुसती मासे धरायची नव्हती, एवढं म्हणायला आधार मिळतो.

आणि आता खरी मेख. जुन्या मडक्यांना बाजारात भाव आला, तेव्हा लबाड लोकांनी खऱ्या पण कोऱ्या मडक्यांवर नवी चित्रं रंगवून विकली. माती पाच हजार वर्षांची, देव कालचा. कबरीची नोंद नसेल तर शंका घ्यावीच लागते.

हे इतकं का लिहितोय? कारण हा गुन्हा मीही केलाय. वीसेक वर्षांपूर्वी, नवीन होतो. जवळच्या गावात शेत सपाट करताना रंगीत खापरं निघाली. एका खापरावरच्या वाकड्या रेघेत मला शिंगं दिसली. बातमी दिली, 'शेतात सापडला प्राचीन नंदी'. दुसऱ्या दिवशी जत्रा. लोकांनी खापरं घरी नेली, बांध उकरला. आठवड्याने एक अभ्यासक आले. त्यांनी तीनच प्रश्न विचारले : नेमकं कुठे होतं? किती खोल? शेजारी काय होतं? माझ्या वहीत यातलं एकही नव्हतं. हेडिंग तेवढं होतं.

आपल्या नगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ निघाला. केवढा ठेवा! पण तो शास्त्रीय उत्खननात न सापडता एका गावकऱ्याला सापडला, म्हणून त्याच्या काळावर वाद झाला. तेच तीन प्रश्न.

तेव्हा मंडळी, झूम करून देव शोधायच्या आधी ते मडकं कुठून आलं ते विचारा. आणि उद्या तुमच्या नांगराला खापर लागलं, तर धुऊ नका, घरी नेऊ नका. जागेवरच फोटो काढा, खोली मोजा, तहसीलला कळवा. मलाही फोन करा. यावेळी वही घेऊन येईन, हेडिंग नंतर.