इन्सुलिन, सुधारित
मानवी इन्सुलिनच्या ५१ ॲमिनो आम्लांच्या रचनेत जनुकीय तंत्राने मोजके फेरफार करून तयार केलेली मधुमेहावरील प्रथिन-औषधे. इंजेक्शनातील साध्या इन्सुलिनचे सहा-सहा रेणू एकमेकांना जखडलेले असतात. ते सुटे होऊन रक्तात पोहोचेपर्यंत जेवणानंतरची साखर चढू लागलेली असते. लिस्प्रो (१९९६) या प्रकारात ॲमिनो आम्लांच्या ‘बी’ या साखळीतील २८व्या व २९व्या स्थानांवरील प्रोलीन आणि लायसीन यांची फक्त अदलाबदल केली आहे. तेवढ्याने रेणूंची पकड सैल पडते व औषध सुमारे पाव तासात काम करू लागते. प्रथिनरचनेच्या ज्ञानाचा इतका नेमका उपयोग विरळाच. ग्लार्जीन (२०००) संथ परिणामासाठी घडवले आहे : आम्लधर्मी द्रावणात ते विरघळलेले राहते, त्वचेखाली मात्र त्याचे सूक्ष्म कण साचतात आणि दिवसभर थोडेथोडे रक्तात उतरतात.