मिठागरें, मिठाचे अंमलदार आणि पाखरें

भिवंडीचें नांव आज मागांच्या खडखडाटासाठीं आणि अलीकडे गुदामांसाठीं सर्वतोमुखीं झालें आहे; पाखरें पाहावयास म्हणून तेथें कोणी जात नाहीं. परंतु ज्या कामवारी नदीच्या कांठीं हें गांव वसलें, ती पुढें वसईच्या खाडीस मिळते, आणि त्याच उल्हासाच्या पाण्याचा एक अरुंद फांटा ठाण्यापाशीं दक्षिणेस वळून ठाण्याच्या खाडींत उतरतो. तेव्हां भिवंडीकर कशेळीचा पूल ओलांडून ठाण्यावरून ऐरोलीस गेला, तरी तो आपल्याच पाण्याच्या दुसऱ्या टोकास गेला, असें म्हणावयास हरकत नाहीं. ऐरोलीस वनखात्याच्या कांदळवन कक्षानें २०१७ सालीं सागरी जीवसृष्टीचें केंद्र उघडलें. कांदळवनांतून बांधलेली तेथील पायवाट सपाट असल्यामुळें गुडघ्यांच्या दुखण्यानें जेरीस आलेल्या आमच्यासारख्यांसही ती जड जात नाहीं. भरतीच्या बेतानें होड्याही सुटतात.

ही खाडी म्हणजे मनुष्याचा हात न लागलेला निसर्ग, अशी समजूत करून घेऊन मात्र कोणी जाऊं नये. ठाण्याच्या मुलखांत समुद्राशीं भांडून जमीन मिळविण्याचा उद्योग फार जुना आहे. चिखलमातीचे बांध घालून, उघाड्या ठेवून भरतीचें पाणी अडवावयाचें, आणि आंतील खाजणांत भात तरी पिकवावयाचें अथवा मीठ तरी. कुलाब्याकडे अशा बंदिस्तीच्या जमिनीस शिलोत्री म्हणत. साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांनीं १७३७ सालीं घेतली, आणि १७७४ सालीं ठाण्याचा किल्ला इंग्रजांनीं बळकाविला. राज्यें बदललीं, परंतु बांध दर पावसाळ्यानंतर दुरुस्त करावेच लागले. हा इतिहास बखरींत सांपडत नाहीं, कारण बांध घालणाराची बखर कोण लिहिणार?

मिठागराची रचना मोठी युक्तीची असते. उधाणाचें पाणी उघाडीवाटे मोठ्या तळ्यांत घ्यावयाचें, तेथें तें निवलें म्हणजे उथळ खणांतून खेळवीत उन्हानें आटवावयाचें, आणि शेवटीं लहान कुंड्यांत मीठ धरवावयाचें. खणागणिक पाण्याचा खारटपणा निराळा, आणि म्हणून त्यांतील किडे व शेवाळही निराळें. सरकारानें आपल्या करासाठीं ज्या खणांवर पहारे बसविले, त्यांतच पाखरांचें ताट न मागतां वाढलें गेलें.

आणि त्या पहाऱ्यांतूनच पक्षिशास्त्राचा एक जाणता निघाला. साताऱ्यास १८५१ सालीं जन्मलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यांतील नोकर. खाराघोड्यास आणि उरणास मिठाच्या कामावर राहिलेला. १८८३ सालीं मुंबईस जी नॅचरल हिस्टरी सोसायटी आठ गृहस्थांनीं स्थापिली, त्यांत हा होता, आणि प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपलेही होते. १९०० सालीं एटकेननें मुंबईच्या नेहमींच्या पाखरांवर पुस्तक लिहिलें. ज्या खात्याचा कर पुढें १९३० सालीं शिरोड्यास व वडाळ्यास लोकांनीं मोडला, आणि जो १९४७ सालीं अखेर उठला, त्याच खात्याच्या कचेरींतून पाखरांविषयींची ही ममता निपजावी, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची!

ठाण्याच्या खाडींत रोहित पक्षी हजारोंनीं येऊं लागले ते मात्र अलीकडे, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. त्यांस कोणी अग्निपंख म्हणतात. धाकटा रोहित मुख्यतः सूक्ष्म निळेंहिरवें शेवाळ गाळून खातो; थोरला चिखलांतील किडेगोगलगाईही टिपतो. शहराच्या सांडपाण्यानें हें शेवाळ माजलें, असें जाणते सांगतात. म्हणजे आपल्या घाणीचाही येथें हिस्सा आहे. २०१५ सालीं खाडीचा सुमारें १७ चौरस किलोमीटरांचा भाग अभयारण्य झाला, आणि २०२२ सालीं तिचें नांव रामसर यादींत चढलें.

परंतु अभयारण्याची रेघ ही कागदावरची रेघ. पाखरांस भरतीची रेघ कळते. ओहोटीस तीं उघड्या चिखलावर दूरवर पांगतात. भरती चढूं लागली म्हणजे चिखल बुडतो, आणि शेकाट्या, कुरव व सैबेरियाकडून आलेलीं लहान पाणपाखरें कोरड्या आश्रयासाठीं मिठागरांच्या बांधांकडे व उथळ खणांकडे वळतात. म्हणून २०२४ सालीं कांजूर, भांडुप व मुलुंड येथील सुमारें २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीकरांच्या पुनर्वसनासाठीं देण्याचें ठरलें, तेव्हां आम्हांस चिंता वाटली. गरिबांस घरें पाहिजेत, याविषयीं दुमत असूं नये. परंतु हीं खाजणें रिकामी पडीक जमीन आहे, असें जें बोलणें आम्ही अधूनमधून ऐकतों, तें मात्र अडाणीपणाचें आहे. दिवसाचे चार तास जी जागा पाखरांनीं भरलेली असते, ती उरलेल्या वीस तासांत पाहून रिकामी ठरविणें हा कसला हिशेब?

ज्यांस हें स्वतः पडताळून पाहावयाचें असेल, त्यांनीं पंचांग उघडून तिथि पाहावी, थंडीच्या अखेरीस अष्टमीऐवजीं पौर्णिमा अथवा अमावास्या गांठावी, आणि भरती पुरी होण्याच्या दोनअडीच तास आधीं खाडीकांठीं उभें राहावें. पाणी चिखलावर चढत येतें, तसतशीं पाखरें कांठाकडे सरकत येतात.