पिकअपची मोठी चाके : उंची वाढते, वजनक्षमता नाही

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा शेतातून बाजार समितीपर्यंत पोहोचतो तो बहुतांशी पिकअपच्या हौद्यातून. दिंडोरी, निफाड, चांदवड या तालुक्यांत पिकअप हे आता शेतीच्या अवजारांइतकेच गरजेचे वाहन झाले आहे. हंगामात ते पिंपळगाव आणि लासलगावच्या बाजारांत फेऱ्या मारते, रात्री कसारा घाट उतरून वाशीला जाते आणि कधी पेठमार्गे गुजरातची वाट धरते. या वाहनाची कारखान्यातून आलेली चाके काढून त्याजागी मोठ्या व्यासाची अथवा रुंद चाके बसवून घेण्याकडे अनेक मालकांचा कल असतो. त्यामागे दोन कारणे सांगितली जातात. गाडी उंच व रुबाबदार दिसते, हे पहिले. आणि चाक मोठे म्हणजे मालही जास्त बसणार, हे दुसरे. पहिले कारण ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. दुसरे मात्र साफ चुकीचे आहे, आणि त्याची किंमत घाटात मोजावी लागते.

मोठ्या चाकांची ही हौस मूळची अमेरिकेतली. तेथे ‘हेवी ड्यूटी’ पिकअप म्हणजे साधारण ३,८५० किलो व त्याहून अधिक एकूण वजनासाठी बांधलेला, मोठ्या इंजिनाचा ट्रकच असतो. त्याचे एक्सल, ब्रेक आणि चाकांचे बोल्ट त्याच हिशेबाने घडवलेले असतात. आपल्याकडचा पिकअप आकाराने व ताकदीने त्याहून बराच लहान, पण काम त्याच्याइतकेच कष्टाचे करतो. त्यामुळे तेथील छायाचित्रे पाहून येथे केलेला बदल त्याच मापाने तोलता येत नाही.

नाशिकमध्ये असा बदल करून घेणे सोपे आहे. २००२ मध्ये बाजारात आलेली स्कॉर्पिओ महिंद्रच्या नाशिकच्याच कारखान्यात तयार झाली. सिएटचा टायर कारखानाही याच शहरात आहे. शिवाय जुन्या जीपच्या घराण्यातील अनेक गाड्यांच्या चाकांना पाच बोल्ट असतात आणि ते साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर बसवलेले असतात. महिंद्रने १९४७ पासून जुळवलेल्या विलीज जीपचे हेच माप होते. साहजिकच एका गाडीचे चाक दुसऱ्या गाडीच्या हबवर ‘बसते’. हौशी मोटारमालकांनी काढून टाकलेल्या रुंद टायरांना आणि अलॉय रिमना त्यामुळे सेकंडहँड बाजारात गिऱ्हाईक मिळते. परंतु बोल्टची छिद्रे जुळली म्हणजे चाक जुळले, असे होत नाही.

टायरच्या बाजूवरील अक्षरे

टायरची खरी ताकद त्याच्या रुंदीवरून नव्हे, तर बाजूवर उमटवलेल्या आकड्यांवरून कळते. ‘२१५/७५ आर १५’ याचा अर्थ टायर २१५ मिलिमीटर रुंद, त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिमचा व्यास १५ इंच. या मापाच्या चाकाचा बाहेरील व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला की व्यास ७३३ मिलिमीटर होतो. हौसेच्या गाड्यांवर दिसणारा ‘३१ × १०.५०’ घातला की तो ७८७ मिलिमीटरवर जातो.

मापाच्या पुढे एक दोन-तीन आकडी संख्या व एक इंग्रजी अक्षर असते. ही संख्या म्हणजे भार निर्देशांक. १०० म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो, १०८ म्हणजे १,००० किलो, तर ११५ म्हणजे १,२१५ किलो. दुकानात माप सगळे विचारतात; हा आकडा क्वचितच कोणी विचारतो.

गोम येथेच आहे. २३५/७५ आर १५ या मापाचे प्रवासी मोटारींसाठीचे टायर बहुधा १०५ निर्देशांकाचे असतात. मागच्या एक्सलवर असे दोन टायर घातले की दोघांची मिळून क्षमता १,८५० किलो. मालवाहू पिकअपचा मागचा एक्सल भरल्यावर दोन टन पेलत असेल, तर हे रुबाबदार रुंद टायर मूळच्या अरुंद, जास्त प्लायच्या टायरपेक्षा कमजोर ठरतात. त्यातही अमेरिकेतील टायर उद्योगाचा संकेत असा की, मोटारीसाठीचा टायर पिकअपला लावायचा झाल्यास त्याची क्षमता १.१ ने भागून धरावी. म्हणजे ९२५ किलोचे ८४० किलोच उरतात आणि दोन टायरचे मिळून १,७०० किलोही होत नाहीत.

टोमॅटोचा व्यवहार २० किलोच्या क्रेटवर चालतो. ‘चाके मोठी आहेत, आणखी वीस क्रेट चढव’ म्हणणे म्हणजे ४०० किलो वाढवणे. टायरमध्ये तेवढी ताकद असली, तरी तो भार स्प्रिंगचे पाटे, एक्सलचे हाउसिंग, बेअरिंग आणि ब्रेक यांच्यावरही येतो, आणि यातले काहीच बदललेले नसते. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकी, हे गॅरेजमधला पोऱ्याही जाणतो. हौदा भरताना मात्र ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

रिमचेही तसेच आहे. चांगल्या अलॉय रिमच्या आतल्या बाजूला कमाल भार कोरलेला असतो. मोटारींसाठी ओतलेल्या अनेक रिमवर तो सहाशे-सातशे किलोच्या आसपास आढळतो. असा आकडाच नसलेला रिम मालवाहू गाडीला लावू नये. रुंद टायर स्प्रिंगला वा मडगार्डला घासू नये म्हणून काही ठिकाणी हब आणि रिमच्या मध्ये स्पेसरची चकती घालतात. तिने चाक जितके बाहेर सरकते, तितकी भाराची तरफ लांबते. एका चाकावर १,००० किलो असताना ३० मिलिमीटर बाहेर सरकलेले चाक बेअरिंग व बोल्टवर सुमारे २९४ न्यूटन-मीटर इतका जादा पीळ टाकते, आणि खड्ड्यात तो कित्येक पटींनी वाढतो.

घाटातले गणित

चाकाचा व्यास वाढला की गिअरचे प्रमाण आपोआप बदलते. ७०३ ऐवजी ७८७ मिलिमीटरचे चाक एका फेऱ्यात सुमारे १२ टक्के अधिक अंतर कापते. त्याच पटीत रस्त्यावर मिळणारी ओढ कमी होते. सपाटीवर हे जाणवत नाही. भरल्या गाडीने कसारा घाट चढताना मात्र एक गिअर खाली उतरावे लागते आणि क्लच जळल्याचा वास येऊ लागतो.

उताराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क मूळच्याच व्यासाची राहते, चाक मात्र मोठे होते. पायाचा जोर तोच ठेवला, तर रस्त्यावर उमटणारी रोधशक्ती वरील उदाहरणात जवळजवळ साडेदहा टक्क्यांनी घटते. चाक जड असल्याने ते थांबवायला आणखी जोर लागतो. म्हणजे चालक ब्रेकवर अधिक वेळ पाय ठेवणार, ब्रेक अधिक तापणार आणि घाटाच्या शेवटच्या वळणांवर त्यांची पकड कमी झालेली असणार. गाडीही सुमारे ४२ मिलिमीटर उंच झालेली असते. क्रेटची थप्पी केबिनच्या वर गेलेली असताना वळणावर ही उंची अंगाशी येऊ शकते.

वेगाचा काटाही खोटे बोलू लागतो. काट्यावर ८० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी साडेएकोणनव्वद किलोमीटरने धावत असते. व्यापारी वाहनांत बसवलेला ८० किलोमीटरचा वेगनियंत्रकही चाकाच्या फेऱ्याच मोजतो, त्यामुळे तोही फसतो. गंमत म्हणजे मोठी चाके बसवल्यावर ‘ॲव्हरेज पडले’ ही तक्रार हमखास येते आणि ती अर्धीच खरी असते. १,००० किलोमीटर धावलेल्या गाडीचा मीटर ८९४ किलोमीटर दाखवतो. ७० लिटर डिझेल लागले असेल, तर खरे ॲव्हरेज १४.३ असताना हिशेब १२.८ चा निघतो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी हेच बजावले. खासगी मोटारीचा मालक ‘टायरचा कागदपत्रांशी काय संबंध?’ असे विचारू शकेल. मालवाहू पिकअपच्या मालकाला ती सोय नाही. मालवाहू वाहनाच्या नोंदणी अर्जातच, म्हणजे नमुना २० मध्ये, प्रत्येक एक्सलवरील टायरची संख्या, वर्णन व माप लिहिलेले असते.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जादा मालासाठी कलम १९४ नुसार २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी पुढे नेता येत नाही. नाशवंत मालाच्या मालकाला ही शेवटची अट दंडाहून महाग पडते. मोठी चाके नोंदणीतील वजनाची मर्यादा एका किलोनेही वाढवत नाहीत.

टायरच्या झिजेचा नियम वेगळा आहे. मोटार वाहन नियमांतील नियम ९४ प्रमाणे चारचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यानंतर टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे गोटा झालेल्या टायरांची तपासणी सुरू झाली. हा मार्ग जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे आणि इगतपुरीमार्गे नाशिकचा मालही त्यावरून जातो. सेकंडहँड रुंद टायर घेणाऱ्यांनी त्यावरील चार आकडी तारीखही वाचावी. ‘३२१६’ असे असेल, तर तो टायर २०१६ च्या ३२ व्या आठवड्यातला आहे. नक्षी शाबूत दिसली, तरी रबर म्हातारे झालेले असते.

गरज खरी असेल तर

मोठ्या चाकांची मागणी निव्वळ हौसेपोटीच येते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. निफाडच्या काळ्या जमिनीत पावसानंतर शिवाररस्त्यावरून भरलेली गाडी बाहेर काढणे म्हणजे दिव्य असते. अशा वेळी मालकाला पकड आणि थोडी उंची हवी असते. पण चिखलात मुख्यतः नक्षी कामाला येते. मूळ मापाच्याच टायरची खोल खाचांची, लगची नक्षी मागच्या चाकांना घेतली, तर गिअर, ब्रेक आणि कागदपत्रे यांपैकी कशालाही धक्का न लावता बरेचसे काम भागते. माप वाढवायचेच असेल, तर व्यासातील फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा जगभरातील टायर व्यवसायाचा ठोकताळा आहे. २१५/७५ ऐवजी २२५/७५ घेतल्यास फरक सुमारे दोन टक्के पडतो. त्याहून बरे म्हणजे कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला दिलेले माप आहे का, हे आधी तपासावे. भार निर्देशांक मूळच्या टायरपेक्षा कमी नसावा. टायरवर आयएसआय चिन्ह व मालवाहू वाहनांसाठीचा ‘आयएस १५६३६’ हा क्रमांक पाहावा.

चाके बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि हौद्यात नेहमीचा माल भरून टायर कोठे घासतो का, हे पाहावे. रिकाम्या गाडीवर केलेली तपासणी निरुपयोगी असते. नट रिमच्या बैठकीला जुळणारेच हवेत, कारण अलॉयसाठीचा निमुळता नट आणि लोखंडी डिस्कचा नट यांत फरक असतो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावेत. स्टेपनीही त्याच मापाची लागते. मागच्या एक्सलवर एका बाजूला ७८७ आणि दुसऱ्या बाजूला ७०३ मिलिमीटरचे चाक घेऊन कोणी चांदवडहून नाशिकपर्यंत आला, तर सगळा रस्ताभर डिफरन्शियलचे गिअर एकमेकांवर फिरत राहतात.

मालवाहू वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंगला जावे लागते. त्या दिवसापुरती जुनी चाके लावायची आणि प्रमाणपत्र हाती आले की पुन्हा मोठी चढवायची, अशी युक्ती काही मालक करतात. अपघातानंतर पंचनाम्यात आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या अहवालात मात्र त्या वेळी गाडीला असलेल्या चाकांचे माप लिहिले जाते.