निकालाचा पत्ता कोणाच्या मालकीचा?

महाडचा २० मार्च आपण दरवर्षी साजरा करतो. पण १७ मार्च १९३७ किती जणांना आठवतो? त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या खटल्यात सनातन्यांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. नांदगावात आम्ही हे भाषणात सांगतो. कोर्टात मात्र 'बाबासाहेब जिंकले' एवढ्याने भागत नाही. निकालाचा पत्ता द्यावा लागतो.

या निकालाचे पत्ते दोन: ३९ बॉम्बे लॉ रिपोर्टर १२९५ आणि एआयआर १९३८ मुंबई १४६. निकाल एकच, पण खंड वेगळे, पाने वेगळी. कारण दोन्ही मालिका खाजगी प्रकाशकांच्या. निकाल जनतेचा आणि पत्ता महागड्या ग्रंथातला! ते ग्रंथ पिढीजात वकिलांच्या कपाटात; आपल्या वस्तीत कुठून येणार?

२००७ साली ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की निकालाच्या मूळ मजकुरावर प्रकाशकाची मालकी नाही. २०२३ पासून ते न्यायालय स्वतःच निकालांना क्रमांक देते: वर्ष, 'आयएनएससी' आणि अनुक्रमांक. पुस्तकाचे पान लागत नाही, परिच्छेदाचा आकडा पुरतो. निकालही संकेतस्थळावर मोफत वाचता येतात.

चवदार तळेही सार्वजनिकच होते. तरी पाण्यासाठी महाडला चालत जावे लागले. तरुणांनो, ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात अर्ज लिहिताना निकालाचे नाव, क्रमांक, परिच्छेद लिहा. त्याआधी तो निकाल स्वतः वाचा. जय भीम!