आकडे जुळतात का? एका जुन्या रायफलीची साक्ष

रिसर्चची तयारी करताय ना? मग आज एका वस्तूकडे पुरावा म्हणून कसं बघायचं ते पाहू. वस्तू आहे दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश रायफल, नंबर ४ मार्क १ (टी). कूळ ली-एनफिल्डचं, बोअर .३०३. आपल्याकडे जिला 'थ्री नॉट थ्री' म्हणतात, तिचीच ही बहीण. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करायचा.

कारखान्यातून आलेल्या रायफलींतल्या जास्त अचूक असतील त्या वेगळ्या काढत. १९४२ पासून त्यांतल्या बहुतेकींवर लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने दुर्बीण बसवली. अशा २० हजारांहून जास्त रायफली तयार झाल्या. दुर्बीण होती नंबर ३२, फक्त ३ पट मोठं दाखवणारी.

३ पटच का? 'स्नायपरला तेवढंच लागत असेल,' हे उत्तर लगेच सुचतं. मी सायन्सवाली, मलाही आधी तसंच वाटलं. पण ही दुर्बीण मुळात ब्रेन या हलक्या मशीनगनसाठी आखलेली. तिथे ती रुळली नाही, रायफलीवर मात्र टिकली. कमी पॉवरचा फायदा झालाच: ९ अंशांचं दृश्य एकदम दिसतं, लक्ष्य पटकन सापडतं. पण नंतर झालेला फायदा म्हणजे मूळ कारण नव्हे. एवढं वहीत लिहून ठेवा.

आता आकडे. प्रत्येक दुर्बीण एकाच रायफलीशी जुळवलेली असे. दुर्बिणीचा नंबर लाकडी दस्त्याच्या निमुळत्या भागावर ठोकलेला, रायफलीचा नंबर दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर. युद्धानंतर हा माल सरप्लस म्हणून विकला गेला, तेव्हा कित्येक जोड्या फुटल्या. पुढे संग्राहकांनी मिळेल ती दुर्बीण मिळेल त्या रायफलीवर चढवली. दोन्ही भाग अस्सल, पण जोडी अस्सल नाही!

मग नंबर जुळले नाहीत की नकली ठरवायचं? तसंही नाही. सैन्याच्याच वर्कशॉपमध्ये दुर्बीण बदलली की जुना नंबर खोडून नवा ठोकत. उलट जुळलेल्या जोडीला बाजारात भाव जास्त, त्यामुळे ठोकणारा हात नंतरचाही असू शकतो. म्हणजे नंबर हाही पुरावाच, आणि तोही तपासावा लागतो.

एम.एस्सी.ला असताना फ्रीजरमधल्या माझ्या नळ्यांवरची शाई पुसली गेली. नमुने शाबूत होते, पण कुठला कुणाचा ते कळेना. दोन महिन्यांचं काम टाकून दिलं. त्या दिवशी जे कळलं नव्हतं, ते या रायफलीने समजावलं: वस्तू टिकली तरी तिचं नातं तुटलं की ती फार कमी बोलते.

तेव्हा प्रपोजल लिहायला बसाल, तेव्हा आपल्या मुख्य पुराव्याला आधी विचारा: तू कुणाबरोबर आलास, मध्ये कुणाच्या हातात होतास, आणि हा नंबर तुझ्यावर कुणी ठोकला?