आपोआप वाजणारा पियानो आणि त्याचे सुटे भाग

भजनातली पेटी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. एका हाताने भाता हलवायचा आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या दाबायच्या. आज मात्र अशा एका वाद्याची गोष्ट ऐका, ज्याचा भाता पायाने चालवला की पट्ट्या आपल्या आपण दाबल्या जातात. त्याला म्हणतात प्लेअर पियानो.

१८९५ साली अमेरिकेत डेट्रॉइट शहरात एडविन व्होटी यांनी 'पियानोला' नावाचे यंत्र तयार केले. सुरुवातीला ते पियानोसमोर ठेवावे लागे. पुढे ते पियानोच्या पोटातच बसवू लागले. त्यात भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी एका पितळी पट्टीवरून सरकते. पट्टीलाही भोके असतात. कागदाचे भोक पट्टीच्या भोकावर आले की हवा आत शिरते, छोटी झडप हलते, त्या सुराचा चिमुकला भाता मिटतो आणि हातोडी तारेवर पडते.

सुरुवातीला या गुंडाळ्यांचे माप एकसारखे नव्हते. म्हणून १९०८ साली कारखानदार बफेलो शहरात जमले आणि त्यांनी माप ठरवले. रुंदी सव्वाअकरा इंच आणि ८८ सुरांच्या गुंडाळीला इंचाला ९ भोके. तेव्हापासून एका कंपनीची गुंडाळी दुसऱ्या कंपनीच्या पियानोवर चालू लागली. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत बनणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून जास्त असे आपोआप वाजणारे होते. मग रेडिओ आला, ग्रामोफोन सुधारला आणि १९२९ ची मंदी आली. कारखाने एकामागून एक बंद पडले.

आज असा जुना पियानो दुरुस्त करायचा तर काय होते? गुंडाळी मिळते, कारण तिचे माप सगळ्यांनी मिळून ठरवले होते. पण आतल्या झडपा आणि भाते प्रत्येक कंपनीचे वेगळे. भात्याचे रबरी कापड चिरते, नळ्या कडक होतात, पातळ चामडे झिजते. कापड, नळी, चामडे नवे कापून बसवता येते. धातूचा खास भाग तुटला तर तसाच दुसरा मोडका पियानो शोधायचा, नाहीतर नमुना देऊन नवा ओतून घ्यायचा. जुन्या कारागिरांनी लाकूड सरसाने चिकटवले होते. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो, म्हणून सांधा न मोडता उघडतो. मध्येच कोणी आजचा पक्का गोंद लावला असेल, तर लाकूडच फुटते.

मैत्रिणींनो, सातासमुद्रापलीकडच्या या वाद्याचा आपल्याशी काय संबंध? आपले गट कर्ज काढून शेवयांचे, पापडाचे, शिलाईचे मशीन घेतात. एक पट्टा किंवा एक दातेरी चाक मिळाले नाही, तर मशीन कोपऱ्यात पडते आणि हप्ता मात्र चालू राहतो. म्हणून मशीन घेण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. याचे सुटे भाग तालुक्याला मिळतात का? दुसऱ्या कंपनीचा भाग याला बसतो का? आणि बिघाड झाला तर हे उघडता येते का? उत्तरे गटाच्या वहीत लिहा, सगळ्यांना वाचून दाखवा आणि मगच ठरावावर सही करा.