पत्रातले नृत्य : फ्लोबेर आणि कुचुक हानम

नृत्य संपले की मागे काय उरते? नाटकाची संहिता उरते, गाण्याची चीज उरते. नृत्य मात्र नर्तकीच्या देहाबरोबर रंगमंचावरून निघून जाते. चलच्चित्रांपूर्वीच्या काळात तर त्याचा पुरावा बहुधा पाहणाऱ्याच्या शब्दांतच शोधावा लागतो. त्यातही प्रेक्षकाने आठवण ताजी असताना एखाद्या जिवलगाला लिहिलेले खाजगी पत्र आपल्याला विशेष विश्वासार्ह वाटते. वृत्तपत्रातल्या परीक्षणाचा आव त्यात नसतो. परंतु असे पत्र नेमकी कशाची साक्ष देते? या प्रश्नाच्या निमित्ताने गुस्ताव्ह फ्लोबेरची १८५० सालची दोन पत्रे आम्ही येथे शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहोत.

‘मादाम बोव्हारी’ अद्याप लिहिली जायची होती. अठ्ठावीस वर्षांचा फ्लोबेर मित्र माक्सीम द्यु काँ याच्याबरोबर इजिप्तमध्ये हिंडत होता आणि मायदेशी राहिलेला कवी-मित्र लुई बुइये याला लांबलचक पत्रे धाडत होता. मुहम्मद अलीच्या राजवटीने १८३४ मध्ये नाचणाऱ्या स्त्रियांना कैरोतून हुसकून वरच्या इजिप्तमध्ये पाठवले होते. त्यामुळे कैरोत फ्लोबेरने पाहिले ते स्त्रीवेषातल्या पुरुषांचे नृत्य. १५ जानेवारीच्या पत्रात हसन अल् बिलबेसी या नर्तकाविषयी तो भरभरून लिहितो : त्याचा वेष, कमरेची थरथर, आणि देह इतका चळत असताना चेहऱ्यावरची निर्विकार गंभीरता. येथे लेखकाचा डोळा शांतपणे काम करतो आहे.

६ मार्चला नाईलकाठच्या एस्ना गावी त्याने कुचुक हानम हिचे नृत्य तिच्याच घरी पाहिले आणि ती रात्र तिच्याकडेच काढली. १३ मार्चला नावेतून त्याने बुइयेला पत्र लिहिले. त्यात तिचे रूप आहे, जागून काढलेली रात्र आहे, निजलेल्या तिच्याकडे पाहताना मनात उठलेले विचार आहेत. नृत्याचे वर्णन मात्र नाही. ते आपल्याला नीट लिहिता येणार नाही, हावभाव करून दाखवल्याशिवाय ते समजायचे नाही आणि तेही अपुरेच पडेल, अशा आशयाचे सांगून हा शब्दप्रभू चक्क माघार घेतो.

प्रवासटिपणांत तो थोडे अधिक सांगतो. ‘मधमाशी’ नावाचे नृत्य करताना वादकांचे डोळे बांधले गेले. ते नृत्य करणे तिला फारसे आवडत नव्हते. तिचे एक पाऊल टाकणे प्राचीन ग्रीक कुंभांवरच्या चित्रांसारखे होते. ही शेवटची उपमा आम्हांला बोलकी वाटते. समोर जिवंत स्त्री नाचते आहे आणि पाहणाऱ्याला आठवतात ते घरून बरोबर आणलेले कुंभ!

आता या पत्राचे पुढे काय झाले ते पाहावे. बुइयेने कुचुक हानमवर कविता रचली. ज्याने तिला कधी पाहिले नाही त्याने, केवळ मित्राच्या लेखणीच्या आधारावर. पत्रात जी जागा रिकामी होती ती कवितेने भरून काढली. पुढे प्रेयसी लुईझ कोले हिने ती प्रवासटिपणे वाचली आणि तिला मत्सर वाटला. २७ मार्च १८५३ च्या पत्रात तिची समजूत घालताना फ्लोबेर दोन गोष्टी बोलून जातो. पौर्वात्य स्त्री म्हणजे एक यंत्र, ही त्यातली पहिली. तिचा क्रूरपणा झाकण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट अशी की, आपण दोघे तिच्याभोवती सौंदर्याचे विचार विणत बसलो आहोत, पण ती काही आपल्याला आठवत नसेल; आलेल्या-गेलेल्या अनेकांसारखा हाही प्रवासी ती केव्हाच विसरली असेल. एकाच पत्रात आंधळेपणा आणि डोळसपणा असे जवळजवळ बसलेले आहेत.

१९७८ मध्ये एडवर्ड सैदने याच भेटीचा दाखला देऊन दाखवले की ती स्वतःविषयी कधीच बोलत नाही. तिच्या वतीने फ्लोबेरच बोलतो. ‘कुचुक हानम’ हे तरी नाव कोठे आहे? तुर्की भाषेत त्याचा अर्थ ‘छोट्या बाईसाहेब’ एवढाच. तिच्या पेशाला ‘आलिमा’ म्हणत. मराठीला परिचित असलेल्या ‘इल्म’च्या कुळातला हा शब्द, मूळ अर्थ ‘विदुषी’. फ्लोबेरच्या काळी तो वेश्यावाचक झाला होता, हे त्यानेच नोंदवले आहे. ‘कलावंतीण’ आणि ‘नायकीण’ या शब्दांचे आपल्याकडे काय झाले ते जाणणाऱ्या वाचकाला ही घसरण निराळी समजावून सांगायला नको.

मग अशी पत्रे आपण टाकून द्यावीत काय? आम्हांला तसे वाटत नाही. हसनविषयीच्या पत्रातून एका नृत्यशैलीचे काही तपशील हाती येतात, आणि त्यांचा उपयोग अभ्यासकाने अवश्य करावा. कुचुक हानमविषयीच्या पत्राचे मोल मात्र त्याने मान्य केलेल्या असमर्थतेत आहे. प्रेक्षक जेथे स्वतः गुंतला तेथे त्याची लेखणी नृत्याकडून स्वतःकडे वळली, आणि हे त्याने लपवले नाही. परतीच्या वाटेवर तो तिला पुन्हा भेटला तेव्हा ती आजारातून उठलेली होती, बदललेली होती. ती भेट उदास झाली, असे त्याने ४ जूनच्या पत्रात बुइयेला कळवले. तिला त्या दिवशी काय वाटले, हे सांगणारे पत्र नाही. पाहणाऱ्यांच्या पत्रांवरून नृत्याचा इतिहास लिहिताना ही न लिहिली गेलेली पत्रेही आपण मोजली पाहिजेत.